चौकशी खिडकी

बुधवारी सव्वापाचला मी ड्यूटी सोडते.
ठक्कर बाजारहून पाथर्डी फाट्याला रिक्षा,
मोबाईल हातात घट्ट,
बॅटरी बत्तीस टक्के.

दिवसभर माइकमध्ये बोललेली असते मी:
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,
नंदुरबारकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.
माझ्या आवाजानं माणसं पिशव्या उचलतात,
पोरांची बखोटी धरून धावतात.
माझं पोर नऊ वर्षांचं,
वर्गात हजेरीलाही नुसतं बोट वर करतं.
जून ते जानेवारी, एक अक्षर नाही.
बाई आधी म्हणाल्या, फार गुणी आहे हो, शांत.
मग म्हणाल्या, मुका आहे का?
घरी तो माझ्या कानात कुजबुजतो,
तेही बाबा अंघोळीला गेले की.

पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन.
पडद्यावर तहसीन मॅडम, अकोल्याहून,
मागे कपाट, कपाटावर मनीप्लांट,
त्यांच्या पंख्याची कटकट इथवर येते.
पहिल्या दिवशी कैवल्यनं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.
काढ, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, मला गुलाबी अंधार दिसतोय.

चाळीस मिनिटं मी जिन्यात बसते.
आतून काही येत नाही.
ही शांतता मिनिटाला किती रुपयांना पडते
याचा हिशेब मी केला,
लाज वाटली, पुन्हा केला.
वरच्या शिरसाठ वहिनी विचारतात, आत कोण आलंय?
मी म्हणते, ट्यूशन.

नवरा सातपूरला, दुसऱ्या पाळीत.
मोबाईलनंच झालं म्हणता ना सगळे, तो म्हणाला होता,
मग औषधपण मोबाईलच?
त्यानंतर काही बोलला नाही.
महिन्याच्या एक तारखेला
डेटाचा रिचार्ज मात्र न सांगता मारतो.

शेवटची दहा मिनिटं माझी.
वाटलं, प्रगती सांगतील.
त्या म्हणाल्या, आठवडाभर त्याला एकही प्रश्न विचारू नका.
जे दिसतं, तेवढंच बोला.
मी हसले.
प्रश्नांशिवाय मला येतं काय?
डबा खाल्लास का, बोललास का, का नाही बोललास,
कोणी काही म्हणालं का,
माझं काही चुकलं का.
हा शेवटचा मी त्याला कधी विचारला नव्हता.
तो मॅडमसमोर आपोआप निसटला
आणि आवाज बसला माझा,
वीस वर्षं माइकवर कधी न बसलेला.
त्यांनी वाट पाहिली. पंखा कटकटत राहिला.
मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

आता शिकतेय.
पांडवलेण्यांच्या डोंगरामागे ऊन गेलं.
कोथिंबीर सुकली.
तुझ्या मोज्याला भोक पडलंय.
वाक्य ठेवायचं आणि बाजूला व्हायचं,
उत्तर येणारच आहे असं धरायचं नाही.

मागच्या बुधवारी
दाराखालून आवाज आला.
आधी वाटलं, कुणी माझंच रेकॉर्डिंग लावलंय:
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
सटाण्याला जाणारी गाडी
काही कारणास्तव उशिरा सुटेल.
नाकातून, अगदी माझ्यासारखं,
'कारणास्तव'वर तोच हेल.
कारण त्यानं सांगितलं नाही.
मीही कधी सांगत नाही.

शिरसाठ वहिनी दळणाला निघाल्या होत्या.
मी हात वर केला,
तशा डबा कडेवर घेऊन
त्या एका पायरीवर उभ्याच राहिल्या.
आत मॅडम म्हणाल्या,
मी बसलेय फलाटावर, पिशवी मांडीवर घेऊन.
मला घाई नाही.

गुरुवारी हजेरीला पुन्हा बोटच, बाईंनी कळवलं.
संध्याकाळी तो ओट्याशी येऊन उभा राहिला.
मी विचारलं नाही.
म्हटलं, आज भेंडी कोवळी निघाली.