खाट नंबर चार

सांपालोकच्या या बोळात माझं घर.
वरच्या मजल्यावर आठ खाटा, दोन पंखे,
न्हाणीघर एकच, त्यावरून रोज पहाटे भांडण.
डॉक्टर होता होता राहिलेली पोरं इथं उतरतात.
कॉलेज झालेलं, वर्षभर इस्पितळात राबून झालेलं,
उरलेली फक्त ती परीक्षा:
चार दिवस, बारा विषय,
मग नावापुढे काय लागायचं ते लागेल.

तक्तपोशी पातळ आहे.
वीस वर्षं मी खाली भात शिजवतेय
आणि वरून हाडांची नावं गळतायत.
मनगटात किती, मला विचारा. आठ.
नावंही सांगेन, क्रम तेवढा चुकेल.

खाट चारवर जोवेलिन इबान्येझ, समार बेटावरची.
तिसऱ्यांदा.
पहिल्या वेळी पोट धरून हसायची.
दुसऱ्या वेळी हसताना तोंडावर हात.
यंदा आली ती एका पिशवीत वह्या
आणि दुसरीत सुकी मासळी घेऊन.
"आलिंग पुरिंग, भाड्यातून वजा करा," म्हणाली.
मासळी घेतली. वजा काही केलं नाही.
तोंड बघून भाडं ठरवलं असतं
तर या खाटा कधीच विकाव्या लागल्या असत्या.
रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे जादा पैसे मात्र
मी मागायला विसरले, म्हणजे तसं दाखवलं.

गुरुवारी सगळी पोरं चर्चला गेली,
अशक्य कामं करून देणाऱ्या संताकडे,
पेन्सिलींचे जुडगे रबरबँडात बांधून.
जोवेलिन जिन्यातच बसून राहिली.
"दोनदा सांगून झालंय त्याला.
ऐकू येत नसेल तर कान तपासायला हवेत."

त्याच रात्री दोनला मी स्वयंपाकघरात
उजवा हात झटकत उभी.
ती पाणी प्यायला उतरली.
काही न विचारता हात घेतला, उताणा केला,
मनगटावर बोटाने टकटक केली,
शेजारणीचं दार वाजवावं तशी.
"अंगठा, ही दोन बोटं, आणि अनामिकेचं अर्धं.
करंगळी नाही. बरोबर?"

अर्धं!
सहा महिने मी नुसतं हात हात म्हणत होते.
मुंग्यांना एवढी आखीव हद्द असते
हे माझ्याच हाताने मला सांगितलं नव्हतं.

"चादरी पिळणं बंद करा."
"मग कोण पिळणार?"
"ज्याची त्याने."

परीक्षेच्या पहाटे आठ उकडलेली अंडी केली.
दाव्हाओचा तो उंच पोरगा म्हणाला, अंडं नको,
शून्यासारखं दिसतं.
जोवेलिनने त्याचंही खाल्लं.
पारदर्शक पिशवीत पेन्सिली, ओळखपत्र, पाण्याची बाटली;
पायात माझ्या धाकट्या बहिणीचे बूट,
तिचे आदल्या दिवशी उसवले होते.
फाटकापर्यंत मी कुणालाच सोडायला जात नाही.
परत वळताना काय करायचं असतं, मला कळत नाही.

शेवटच्या दिवशी पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली,
गाणी, बियर, एकाची जिन्यावर ओकारी.
ती बुटांसकट झोपली. चौदा तास.
उठल्यावर बूट पुसून दारात ठेवले.

आज यादी लागली.
फोन माझा लहान, यादी लांबलचक,
नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने,
आणि तिचं आडनाव पार तळाशी.
मी सरकवतेय, सरकवतेय.
आबाद, बाउतिस्ता, कुणाकुणाची पोरं,
एकदा दाव्हाओवाला दिसला, पुढे गेले,
सान्तोस संपता संपेनात,
आणि अंगठा बधिर व्हायला लागला,
मग ती दोन बोटं,
मग ते अर्धं.

व्ही पर्यंत पोचले.

वर न्हाणीघरात पाण्याचा आवाज.
कुणीतरी चादर आपटतंय,
आणि त्या न्हाणीघरात आज
ती सोडून दुसरं कुणी नाही.
तिने पाहिलंय की नाही, कोण जाणे.

फोन पालथा ठेवला.
पिळून होऊ दे तिची.