चपलांची रांग

कापगते सर म्हणाले, कॉलेज काय लग्नाची मुलगी आहे
बघायला जायला?
गुण ते बघतात तुझे. तू त्यांचं काय बघणार?
तीन तारखेच्या आत ऑप्शन फॉर्म भर, झालं.

बाबांनी ऐकून घेतलं.
रात्री जाळं सांधता सांधता म्हणाले,
"बोडी नवी असन तं आंदी पाय घालून पाहा लागते.
काठावरून सारं पानी सारकंच दिसते."

मग सहाची एसटी, साकोलीला दुसरी,
आणि मांडीवर डबा: भात, सुक्या झिंग्यांची चटणी,
जो त्यांनी नागपूरपर्यंत उघडू दिला नाही,
बसमधल्या लोकांना नाकं असतात म्हणून.

माहितीपत्रकात कारंजं होतं.
कारंजं खरंच होतं.
त्यात पाणी नव्हतं, एक स्टूल होतं,
स्टुलावर बसून माळी तंबाखू मळत होता.

मी मजले मोजत होते,
काचेच्या दारात आम्हा दोघांचं येणं बघत होते.
बाबांनी वर पाहिलंच नाही.
खाली बघत चालले,
गाळात वाम शोधताना चालतात तसे, पाय न उचलता.

कॉम्प्युटर लॅबपाशी थांबले.
दाराबाहेर पोरापोरींनी चपला काढलेल्या.
बाबा वाकले.
"काका, काही हरवलं का?" शिपाई म्हणाला.
"नाई जी."

एकीचा अंगठा सुतळीने बांधलेला.
एकीची टाच बाहेरच्या बाजूने झिजून तिरकी.
सहा-सात पांढरे बूट, कोरे, नाड्या सुद्धा मळल्या नव्हत्या,
आणि त्यांना खेटून एक जोड निळ्या पट्ट्यांचा,
अर्जुनीच्या बाजारातला, माझ्या पायात होता तोच.
"हायेत," बाबा म्हणाले. "आपले बी हायेत."
मग नळाला ओंजळ लावून पाणी प्याले
आणि गोड आहे म्हणाले.

डबा आम्ही झेरॉक्सच्या दुकानामागे उघडला.

फॉर्मात ते कॉलेज पहिलं टाकलं.
दुसऱ्या फेरीत लागलं ते चौथं,
वर्ध्याच्या पुढचं, कुणीच न पाहिलेलं.
कापगते सर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.
आई म्हणाली, "मंग भाड्याचे पैसे पान्यातच गेले ना!"
बाबांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि निघून गेले.
खोटं कशाला बोलू, मलाही आईचंच पटलं होतं.

पहिल्या दिवशी एकटीच गेले.
फाटकात कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही.
तीनशे पोरं मोठमोठ्याने एकमेकांना ओळखत होती
आणि मला काहीच ओळखू येईना,
ऑफिस कुठे, संडास कुठे,
बाईंच्या कुठल्या वाक्यावर हसायचं.

मग लॅबचं दार आलं.
मी खाली बघितलं.

भिंतीला टेकून एक चप्पल उभी होती,
पट्टा सटकू नये म्हणून खाली आडवा खिळा मारलेली.
मी माझी तिच्या शेजारी काढली.
(सुनयना उईकेची निघाली ती, देवरीकडची. पण ते नंतर.)

संध्याकाळी फोनवर बाबांनी ना वर्ग विचारला,
ना इमारत किती मजल्यांची.
"पानी कसं हाये?"
"खारं."
पलीकडे थोडा वेळ नुसती बेडकं ऐकू आली.
"होते सवय," म्हणाले.