निगा

खोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
कुरिअरचा पोरगा म्हणाला, मावशी, काय मऊमऊ लागतंय?
म्हटलं, गॅस्केटचं सॅम्पल.
आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

एकवीस वर्षं मी सातपूरला सिलिकॉन तपासते.
कुकरच्या रिंगा, बाटल्यांची बुचं, दवाखान्यातल्या नळ्या.
अंगठ्यानं दाबून सांगते किती शिजलंय:
कच्चं बोटाला चिकटतं,
जास्त झालेलं वाकवलं की चिरतं,
नीट झालेलं दबतं, आणि सोडलं की आपल्या जागी येतं.
माणसांचं मला कधी असं सांगता आलं नाही.

तरी घेताना स्वस्तातलंच घेतलं.
सिलिकॉन नव्हे, टीपीई.
हाताला ते जास्त खरं लागतं,
कारण त्याच्या पोटात तेल असतं
आणि अंगभर बारीक भोकं, डोळ्यांना न दिसणारी.
जे शेजारी ठेवाल ते पितं.
रंग, वास, घाम.
उकळून शुद्ध होत नाही. फार तर वर्षभर टिकतं.

सोबतच्या कागदावर मोडक्या हिंदीत सूचना:
कोमट पाणी, सौम्य साबण.
तेल लावू नये. उन्हात ठेवू नये.
टिपून घ्यावे, घासू नये.
दोन नग एकमेकांना लागून ठेवू नयेत,
दोन्ही वितळतात.
हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

सगळ्यात खाली: वाळल्यावर मक्याचं पीठ.
रविवार कारंजावर दुकानदार म्हणाला,
मंच्युरियन का, ताई?
म्हटलं, हो.
सोया सॉस देऊ?
तीही बाटली घेऊन आले. अजून फोडलेली नाही.

मलमलच्या पुरचुंडीतून पीठ झटकताना
पिंपळगावचं पॅकहाऊस आठवलं,
लग्नाआधीचे तीन हंगाम.
हौसाबाई मागून ओरडायची:
देठ धर गं, मण्याला हात नको!
मण्यावरची लव गेली की माल परत.
संध्याकाळपर्यंत हजारो घड हातांखालून जायचे,
एकाही मण्याला शिवायचं नाही.
मला ते फार छान जमायचं.
सासरीही सगळे म्हणत, हिचा हात हलका आहे.

मग सिन्नरहून कुमुद आली, पोरीच्या बस्त्यासाठी,
न कळवता, दोन पिशव्या घेऊन.
हाताशी रविवारचा पेपर होता.
त्यात गुंडाळून कपाटात मागे सारलं,
जुन्या गोधड्यांच्या आड.
ती राहिली सोळा दिवस.
निघताना म्हणाली, एकटीचं बरं चाललंय की तुझं.

कागद सोडवला तर अंगावर अक्षरं.
उलटी, निळसर, बारीक टायपातली.
साबण लावला. लिंबू चोळलं.
मला माहीत होतं, निघणार नाही,
आमच्या प्लँटवर नव्या पोरींना मीच शिकवते:
प्यायलेलं परत येत नाही.

बेसिनच्या आरशासमोर धरून वाचलं.
निर्व्यसनी. स्वतःचे घर, मखमलाबाद रोड.
अपेक्षा नाही.
घटस्फोटित चालेल.

खूप हसले. नळ चालूच राहिला.
एवढ्या वर्षांत ही दोन शब्दांची परवानगी
मला कुणी तोंडावर दिली नव्हती,
आणि आली ती अशी, उलटी,
गोधड्यांमागून.

फोन नंबरही उमटलाय,
शेवटचे चार आकडे सोडून. तिथे घडी पडली होती.
बरंच झालं. मी काही फोन करणार नव्हते.

पंख्याखाली वाळू दिलं, सुती पंचावर.
मग पीठ, हलक्या हातानं.
शाई खाली गेली, पूर्ण नाही गेली.
यंदा पेपरात नाही गुंडाळायचं,
पांढऱ्या कापडाची पिशवी शिवायची, नाडीची.
वर्ष भरलं की टाकून द्यायचं आणि पुढचं
सिलिकॉनचं घ्यायचं, पैसे पडले तरी.
तोवर आहे हे.
चालेल.