पीळ

आधी आगीने, मग तेलाने,
शेवटी शिव्यांनी सुटला तो नट.
ग्वेरिन वेल्शमध्ये शिव्या देतो,
चॅपलमध्ये प्रार्थना म्हणतो त्याच चालीवर.

बासष्टची मॉरिस मायनर. बाबांची.
गेल्या ऑक्टोबरात, त्रेगारनच्या पोस्टापाशी वळताना,
माणूस चालेल त्याहूनही हळू,
उजवं चाक आत दुमडलं,
थकलेलं जनावर गुडघ्यावर बसावं तसं.
"ग्रीस," ग्वेरिन म्हणाला. एवढंच.
हजार-दोन हजार मैलांनी एक पिचकारी, बाकी काही मागत नाही ही गाडी;
बाबा गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं तिला.
आटे झिजून गुळगुळीत झालेले,
नुसत्या सवयीवर उभं होतं चाक.

आता बाकावर नवं सामान,
पिवळ्या नळकांड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर,
डिस्क ब्रेक, रबरी बुश, अजून पावडर लागलेले.
जुने, तेल गाळणारे, बादलीत.

"या दोन सळया मात्र राहू देत,"
तो गाडीखालूनच बोलतो.
स्प्रिंगऐवजी पोटाखाली लांबच लांब पसरलेल्या,
पीळ सोसणं एवढंच ज्यांचं काम.
"आणि डावीची उजवीकडे तर कधीच नाही.
साठ वर्षं एकाच अंगाने पिळल्यात.
लोखंडालाही वळण लागतं."

उजवी जास्त दमलेली.
असणारच. बाबा एकशे चौदा किलोंचे,
विम्याचे हप्ते गोळा करत शेताशेतांतून,
घरोघरी चहा, चहाबरोबर केक,
केकबरोबर मरणाच्या गोष्टी,
महिना अडीच शिलिंग.
गाडी त्यांच्याकडे कलायची.
आम्हीही.
मागच्या सीटवर तिघी बहिणी,
प्रत्येक वळणावर घसरत घसरत
त्यांच्या पाठीमागे गोळा.

ग्वेरिन उजवी सळई सोडवतो,
टोकाचे दाते बोटाने मोजतो,
एक दाता पुढे सरकवून
पुन्हा बसवतो.
पीळ तोच. उंची नवी.
जॅक उतरल्यावर बोनेटवर पाणसळ ठेवतो,
बुडबुडा बरोबर मधे,
आणि पहिल्यांदाच हसतो.

आईला घेऊन निघाले.
नदीवरच्या कमानीच्या पुलावर
ही गाडी दोनदा, तीनदा मान डोलवायची,
भजनात रंगल्यासारखी.
आता एकदाच. मग गप्प.
आईचा हात मात्र पुलाआधीच
डॅशबोर्डवर जाऊन टेकला होता,
पूल सरला तरी तिथेच.

घरी आल्यावर ती मागे जाऊन उभी राहिली,
चष्मा पुसून पाहू लागली.
"सरळ उभी आहे," म्हणाली,
"परक्याच्या घरी आल्यासारखी."

मग डिकीतलं बटाट्यांचं पोतं
मला काढायला लावलं,
आणि घरात नाही,
ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला सांगितलं.

रात्रभर राहू दे, म्हणाली.