गुरुवार, सहा ते साडेसात

संडरलँडच्या मेथडिस्ट चर्चमागच्या बोळात
मी गाडी लावते. हीटर चालू, काचा वर.
पालकांना आत यायला मनाई.
दारावर तसा कागदच आहे,
खालचा एक कोपरा सुटलेला, वाऱ्यावर फडफडणारा.

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला.
दिसतात ती फक्त पावलं.
चौदा बूट, कधी सोळा,
लेस सुटलेले, एकावर मार्करने काढलेली कवटी.
त्यातले माझ्या घरचे कोणते, ते लांबूनही कळतं:
टाच आतून झिजते त्याची,
बापासारखी.

नाव ठेवलं होतं कैवल्य.
इथल्या जिभांनी ते पहिलीतच मोडलं,
उरलं नुसतं काय.
शाळेत काय, दवाखान्यात काय, पोलिसांच्या वहीतही काय.
मला दर वेळी वाटायचं
कुणीतरी काहीतरी विचारतंय
आणि उत्तर द्यायची पाळी माझी.

येताना विचारते, "आज काय बोललात?"
"आतलं आत."
नियम आहे त्यांचा. रीसने केलेला.
रीस कुणी डॉक्टर नव्हे,
एकोणीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला,
नखांत काळं. तीन वर्षांपूर्वी
तोही इथेच बसायचा, खुर्चीवर पाय घेऊन.
मला रागच आला होता आधी.
बुडत्याने बुडत्याला पोहायला शिकवायचं?

मी दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजते.
घरीही मोजायला लागले होते:
शाळेचे बुडालेले दिवस,
जूनमधल्या लांब बाह्या,
न खाल्लेल्या पोळ्या.
एका फॉर्मवर प्रश्न होता, स्वतःला दहापैकी किती द्याल?
त्याने शून्यसुद्धा लिहिलं नव्हतं.
नुसती रेघ.
रात्री दहाला त्याचा फोन काढून
मी माझ्या उशीखाली ठेवायचे.
वाटायचं, झोपेल.
निदान तेवढं.

नोव्हेंबरात एकदा काचेवर टकटक.
अर्धे केस निळे, हुडी ओली.
"तुम्ही कायची आई?"
म्हटलं, हो.
"मी कीली. बस चुकली."
मागे बसली, सगळं सामान मांडीवर घेऊन,
जसं काही कुणीही, कुठेही, उतर म्हणेल.
वर्षातलं तिसरं घर तिचं, हे मला नंतर कळलं.
"तो येतोय. खुर्च्या रचतोय. नेहमी तोच रचतो."
घरी स्वतःचं ताट उचलत नाही, म्हणणार होते,
तेवढ्यात ती म्हणाली,
"रात्री फोन का नाही घेत तो?
आमची यादी आहे, कुणी कधी जागं राहायचं त्याची.
दोन ते चार त्यानेच मागून घेतली होती.
म्हणाला, नाहीतरी झोप येत नाही,
कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

वायपर एकदा गेला, आला.

"मंगळवारी दोनदा केला मी."
मंगळवारी उशीखाली काहीतरी घुरघुरलं होतं.
मी कूस बदलली होती.
"मग?"
"मग रीसला केला. असू दे."

तो आला, पुढे बसला.
आरशात तिला बघून भुवई उडवली, एवढंच.
तिला सोडलं. खिडकीत दिवा लागेपर्यंत थांबलो,
थांब असं मी म्हटलं नव्हतं,
त्यानेही नाही.

रात्री दहाला सवयीने त्याने फोन पुढे केला.
मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे.
तो बघत राहिला,
काहीतरी गडबड असावी तसा.

दोन वाजून दहा मिनिटं. भिंतीपलीकडून आवाज.
"आय," तो म्हणत होता. "आय. आय."
आमच्या मिरजेकडे आईला आय म्हणतात.
मी अंधारात धडपडत उठले, दारापर्यंत गेले,
कडीवर हात ठेवला,
आणि मग ध्यानात आलं,
इकडची पोरं हो म्हणतात तसं.
हो, ऐकतोय.
हो, आहे मी.

पॅसेजमध्ये त्याचे बूट पडले होते, उलटे.
ते सरळ केले
आणि परत येऊन पडले.