उलटा नऊ

बुंडारीत शनिवारी दुपारी दुकानं बंद.
गव्हाच्या कोठारापासून खारट तळ्यापर्यंत
माणूस दिसलाच, तर तो आजारी समजायचा
किंवा पिंगाऱ्याचा हेर.

बाकी सगळं गाव मैदानाभोवती,
गाड्यांची नाकं आत वळवून.
काचा वर, डॅशबोर्डावर थर्मासचं झाकण वाफाळतंय,
आणि गोल झाला की भोंगे, सगळे एकदम.
तीन शेतं पलीकडच्या मेंढ्यासुद्धा पळत सुटायच्या.

मी गाडीत नसायचे.
मी पूर्वेच्या खांबांमागे, गुणफलकावर,
क्लॅरी ट्रेझाइझच्या हाताखाली.
त्याचे गुडघे केव्हाच गेलेले, म्हणून शिडी माझी.
वय नऊ. मजुरी मध्यंतराला एक सॉसेज रोल,
आणि तिसऱ्या डावानंतर खेळाडूंच्या ताटलीतून
उरलीच तर संत्र्याची फोड,
तिला निलगिरी तेलाचा वास.

सहाचा पाढा मी शाळेत नाही, तिथं शिकले.
मधल्या उंच खांबांतून गेला तर सहा.
बाजूच्या बुटक्यांतून, तर एक.
उंच खांबाला नुसता चाटून गेला
तरी एकच.
आकडे पत्र्याचे, खिळ्याला टांगायचे.
सहा वादळात उडाले म्हणत
(क्लॅरीच्या मते पिंगाऱ्याच्या पोरांनी नेले).
नऊ उरलेला एक. तोच उलटा टांगला की सहा.
दोन्ही एकदम लागले तर खडू.

बाबा गोलपंच.
पांढरा डगला, पांढरी हॅट, दोन निशाणं.
आई तो डगला शुक्रवारी रात्री चुलीपाशी वाळवायची
आणि स्वयंपाकघरात कुणाला पळू द्यायची नाही.
एकदा डगला चढला की बाबा कुणाचेच नसत.
डेसचेही नसत,
आणि डेस तर त्यांच्याच समोर उभा,
आमच्या कथ्थई-पिवळ्यांचा शेवटचा माणूस,
कोपरापर्यंत चिखल.

सत्तर साली, हंगामाचा शेवटचा सामना.
पिंगारा ऐंशी, आम्ही पंचाहत्तर.
डेसनं चेंडू हवेतच धरला, दोघांच्या खांद्यांवरून.
भोंगा वाजून गेला होता,
पण ती लाथ त्याच्या हक्काची.
पॅट शिलिंगनं गाडीतूनच रोझरी काढली.
डेसनं मोजे वर ओढले. एक गेला, एक परत घसरला.

चेंडू निघाला,
आणि बुंडारीनं वाटच पाहिली नाही.
भोंगे, दिवे, कुत्री, कुणीतरी छत्री उडवली,
आणि मी शिडीवर.
अकरा काढला, बारा लावला.
पंचाहत्तर काढले, एक्क्याऐंशी लावले.

बाबांनी वळून फलकाकडे पाहिलं.
मग एक बोट दाखवलं.
एकच.
एक निशाण उचललं आणि हलवलं,
सावकाश, जसं रोज हलवत तसंच.

"काढ, पोरी," क्लॅरी खालून म्हणाला.
सगळं गाव बघत होतं, मी काढत होते.
बारा. एक्क्याऐंशी.
गुणांच्या खिळ्यावरचा नऊ काढला, तिथं दहा लावले,
आणि तोच नऊ उलटा करून
शहात्तरात बसवला.
पत्रा गार होता. बोटं सुजलेली.

घरी जाताना गाडीत बाबा एवढंच बोलले,
"खांबाला लागला. आवाज आला मला."
"एवढ्या भोंग्यांत?" आई म्हणाली.
डेस काचेतून खारट तळं बघत राहिला.
पुढं दोन महिने बेकरीवाली नोएलीन
आम्हाला कालचाच पाव देत होती.

आता बुंडारी आणि पिंगारा मिळून एकच संघ,
तोही तिसऱ्याच गावात खेळतो.
आमच्या मैदानावर मेंढ्या.
डेस पर्थहून फोन करतो,
पावसाचं विचारतो, बाबांच्या थडग्यावरचं गवत काढलं का विचारतो.
त्या लाथेचं कधीच नाही.

मीही सांगितलेलं नाही.
मी खांबापासून वीस पावलांवर होते.
ठक् झालं. लहानसं,
शिधाकपाटाचं दार लागावं तसं.
मी ऐकलं, आणि बारा हातात घेतला.