निव्वळ

जालन्याच्या एमआयडीसीत मी वजनकाट्यावर बसतो.
भंगाराचा भरला ट्रक चढतो,
क्लीनरला खाली उतरवून आकडा थांबायची वाट बघतो.
माल ओतून तोच ट्रक परत चढतो.
दोन आकड्यांमधला फरक म्हणजे निव्वळ.
एकोणीस वर्षं मी फरकच लिहितोय.

पगार सतरा हजार आठशे.
सात तारखेला तोही चढतो काट्यावर.
खोलीभाडं उतरतं, किराणा उतरतो,
पोरीचा क्लास, गॅस, प्रयागची थायरॉइडची गोळी,
आणि आकडा थरथरत कुठंतरी थांबतो.
तो कुठं थांबावा,
हे कुठल्याच पावतीवर छापलेलं नसतं.

क्रेनवाले गफारभाई म्हणाले, वीस टक्के.
त्यांना मेहुण्यानं सांगितलेलं.
मेहुण्याची पतसंस्था बुडाली, टक्के तेवढे राहिले.
शिफ्टचा इंजिनियर म्हणाला, निम्मा.
त्याचं लग्न व्हायचंय अजून.
मोंढ्यात हमाली करणारे माझे वडील
आकडा सांगत नसत,
कनवटीला हात लावून बघत
आणि मग ठरवत, आज भजी घ्यायची का नाही.

मी साडेपाच हजार ठेवत होतो.
कसे, तेही सांगतो.
पावसाळ्यातही सायकल.
चपलेला तिसरा अंगठा.
चहा, कुणी पाजला तरच;
म्हणून चारच्या सुमाराला
माणसं काट्याच्या केबिनला वळसा घालून जायची.
मोसंबीच्या मुलखात राहून
मोसंबी हातात घ्यायची, भाव विचारायचा, ठेवून द्यायची,
सालीचा वास तेवढा बोटांवर घरी न्यायचा.
फुकट.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो,
कधी अकराव्या.
प्रयाग दोन ड्रम भरते, पाच हंडे, बंद कूलरची टाकी,
लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा.
पहिल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ,
सातव्या दिवशी तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं मोरीला.
टक्के तिनं कधी काढले नाहीत.
हंड्यात बोट घालते, म्हणते,
"इथवर हाय. परवापर्यंत भागतंय."

त्या रात्री अडीचला नळ आला.
जाग आली तर प्रयाग निम्मा ड्रम कलता करत होती.
मी धावलो, ड्रम धरला.
"काहून ओततीस? वाचवलेलं हाय ते!"
"हात घाला आत," ती म्हणाली.
घातला.
कडा बुळबुळीत. मोबाइलच्या उजेडात
पाण्यात बारीक काहीतरी वळवळत होतं.
"तळाला धरून ठिवलं की असं व्हतंय," ती म्हणाली,
"सरा. नळ जाईल."
कढीपत्त्याच्या पत्र्याच्या डब्याला तिनं बादली घातली,
उरलेलं शेजारच्या कौसाबाईच्या शेळीपुढं सरकवलं
आणि नारळाच्या शेंडीनं ड्रम घासायला बसली.
मी हंडे लावत राहिलो.
चार वाजता नळ गेला.
झोप आली नाही.

ऑगस्टपासून चार हजार ठेवतो.
बरोबर आहे का चूक, माहीत नाही.
डायरीत एक नवीन ओळ घातली: ओतायचे.
पहिल्या दिवशी चारला हाक मारली,
"गफारभाई, आज माझ्याकडून."
वजन न जुळणाऱ्या ट्रककडं मी बघतो
तसं त्यांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"तब्येत ठीक हाय ना?"

सप्टेंबरात पोरीला डेंगी झाला.
निव्वळ सातशे.
त्यातच दवाखान्याबाहेर दीड किलो मोसंबी घेतली,
भाव न विचारता,
म्हणजे विचारला, पण घेतल्यावर.
रात्री पासबुक प्रयागपुढं धरलं.
तिला आकडे नीट लागत नाहीत.
तिनं शेवटच्या ओळीखाली बोट टेकवलं,
जरा वेळ ठेवलं
आणि त्याच बोटानं पोरीच्या फोडीतली बी काढली.